ती चूल मी ओळखतो

आज सकाळी गावाच्या ग्रुपवर फोटो आला. नाल्याकाठच्या झोपड्या जेसीबीने सपाट केलेल्या, खाली लिहिलेलं, "गाव स्वच्छ झालं". त्यावर अंगठ्यांवर अंगठे. फोटो मोठा करून पाहिला तर कडेला उलटी पडलेली मातीची चूल, पांढऱ्या मातीचं पोतेरं अजून ताजं. ती चूल मी ओळखतो. भिल्लाच्या आजीची. आमच्या केळीच्या बागेत तिने कित्येक वर्षं निंदणी केली.

दोन वर्षांपूर्वी घरकुलासाठी तिला मीच घेऊन गेलो होतो. जागेचा नमुना 8 चा उतारा? नाही. आदिवासींसाठीच्या शबरी घरकुल योजनेतून करू म्हटलं, तर जातीचा दाखला आणा. त्याला 1950 च्या आधीचा पुरावा! बाप जन्मभर ऊसतोडीला, शाळेचं तोंड घरात कुणी पाहिलेलं नाही, पुरावा काय उसाच्या फडातून आणणार? अंगठा लावला तर मशीन घेईना. निंदून निंदून रेषाच उरल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भाऊ, माले घरच नई, ते घरना कागद कथाईन लयू?"

घरच नाही, तर कागद कुठून आणू? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

घरकुलाचे पैसे मिळतात ते जागा असणाऱ्याला. जागा घ्यायलाही सरकारची योजना आहे, पण भिल्लाला गावठाणात जागा विकतो कोण? आपल्यापैकी कोण विकेल, सांगा ना!

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घर पाडण्याआधी 15 दिवसांची नोटीस द्या. मी खूश होऊन स्टेटस ठेवलं होतं. मग नीट वाचलं. रस्ता, फूटपाथ, रेल्वेरूळाशेजारची जागा, नदी-पाणवठा, इथल्या अनधिकृत बांधकामांना हे लागू नाही. अरे, मग ज्याला कुठेच जागा नाही तो राहतो कुठे? याच ठिकाणी ना?

आता ती स्टँडवर झोपली तर 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहेच. पोटापाण्याचं साधन दिसत नाही, भटकते, मागून खात असेल असं वाटलं, की झाली भिकारी. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कोंडायची सोय. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिथल्यापुरती यातली कलमं रद्द केली. आपल्याकडे कायदा तसाच.

नाला तुंबून वरच्या आळीत पाणी शिरतं, मान्य. काही जण घरकुल मिळवून भाड्याने देतात, तेही मान्य. पण म्हणून म्हातारीची चूल जेसीबीखाली?

दुपारी जाऊन आलो. निंबाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "जेवना का भाऊ?" घशात काहीतरी अडकलं. माझ्यासमोर पेटी उघडली. लुगडं, रेशनकार्ड, कडा उचकटलेलं मतदान ओळखपत्र आणि तळाशी कॅरीबॅगमध्ये चार घड्या घातलेला कागद. आम्ही दिलेल्या अर्जाची पोच. दोन वर्षं जपून ठेवलेली. "हाऊ चाली का?" म्हणाली.

चालणार नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

पेटी सध्या आमच्या पडवीत आहे. ती यायला तयार नाही, निंबाखालीच बसून आहे. आभाळ भरून आलंय. कुणाकडे ताडपत्री असेल तर आत्ता फोन करा, मी घ्यायला येतो. आणि ग्रुपवरचा तो फोटो काढा रे.