गार ओटा म्हणजे फ्रिज नव्हे

थंडी पडली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला आत्याकडून आला. सांगणं थोडक्यात असं: हिवाळ्यात सूप किंवा रस्सा एकदाच मोठं पातेलंभर करावा आणि तीन दिवस पुरवावा. दिवसा पातेलं झाकण न ठेवता मंद आचेवर असू द्यावं, वाफेनं घर गरम होतं. रात्री गॅस बंद करून ते ओट्यावरच ठेवावं, थंडीत अन्न नासत नाही. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज बिघडतो. सकाळी खळखळून उकळी आणली की उरलेसुरले जंतूही मरतात. तिखट सढळ हातानं घालावं आणि मोठ्यांनी वर घोटभर दारू घ्यावी, अंग तापतं. राजमा घालायचा असेल तर स्लो कुकरमध्ये रात्रभर मंद शिजू द्यावा. आणि फारच गारठा असेल तर ओव्हन लावून त्याचं दार उघडं टाकावं. शेवटी अर्थातच, “जुनी माणसं हेच करायची, शेअर करा.”

मोठ्या पातेल्याशी माझं भांडण नाही. बाहेर बोटं आखडवणारा गारठा असावा आणि आत काहीतरी रटरटत असावं, याहून बरी संध्याकाळ मला ठाऊक नाही. भांडण आहे ते मेसेजच्या मुळाशी असलेल्या समजुतीशी. आपल्याला गार वाटलं म्हणजे अन्नालाही गार वाटतं आणि आपल्याला ऊब वाटली म्हणजे अंग खरंच तापलं, असं तो धरून चालतो. आपली कातडी इतका चांगला थर्मामीटर नाही.

आधी ओट्यावरचं पातेलं, कारण या मेसेजपायी कुणी आजारी पडलंच तर याच सल्ल्यानं पडेल.

मागच्या थंडीत मी स्वतः हेच केलं होतं. सहा लिटरचं पातेलं, रात्री नऊला गॅस बंद, वर झाकण. स्वयंपाकघर इतकं गार की पायात मोजे घातल्याशिवाय फरशीवर उभं राहवेना. मांस शिजलं का ते बघायला आणलेला सळईचा थर्मामीटर घरात होता. उत्सुकता म्हणून तो पातेल्यात सोडला. अकरा वाजता आतला रस्सा अजून ६० अंशांच्या जवळपास होता. रात्री एकला पाणी प्यायला उठलो तर ३६. म्हणजे माझ्या अंगाइतका! पहाटे पाचला कुठे तो २० अंशांवर आला होता. खोली १५ अंशांवर होती आणि मी दोन पांघरुणांत कुडकुडत होतो, पण पातेल्याच्या आत मात्र रात्रभर छान उन्हाळा चालू होता.

अन्नातले जीवाणू साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये वाढतात. म्हणूनच शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये असं सांगतात. पातेलं जितकं मोठं तितका हा पट्टा ओलांडायला वेळ जास्त, कारण उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून आणि आत साठलेली असते ती आकारमानात. वाटीभर रस्सा अर्ध्या तासात गार होतो, तोच पातेलंभर असला की रात्र जाते. दाट रश्श्याचं तर विचारूच नका, तो ढवळल्याशिवाय आतून निवतच नाही.

“पण उकळलंय ना एकदा, मग जंतू आले कुठून?” हा आत्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं की काही जीवाणू बीजाणू करून राहतात. म्हणजे स्वतःभोवती चिलखत चढवून झोपी जातात. साधी उकळी त्या चिलखताला पुरत नाही. पातेलं निवायला लागलं की ते जागे होतात, आणि बाकीची सगळी मंडळी उकळीत मेलेली असल्यामुळे त्यांना रान मोकळं मिळतं. मांसाच्या रश्श्यात वाढणारा क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा त्यातलाच. ४५ अंशांच्या आसपास, सगळं मनासारखं मिळालं तर, दर दहाएक मिनिटांनी त्याची संख्या दुप्पट होते. दोन तासांत बारा दुपटी, म्हणजे एकाचे चार हजारांवर. आणि पातेलं नेमक्या याच पट्ट्यातून रमतगमत खाली येत असतं.

आता सकाळच्या उकळीचं. परफ्रिंजेन्सपुरतं मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. वाढलेले जीवाणू खळखळत्या उकळीत मरतात. पण भात, शेवया, बटाटे अशा पिठूळ पदार्थांत बॅसिलस सीरियस नावाचा दुसरा एक जीवाणू वाढतो. तो अन्नातच विष करून ठेवतो, आणि उलट्या घडवणारं ते विष १२१ अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं. प्रेशर कुकरमध्येही तापमान साधारण १२० च्या घरातच जातं, तेव्हा तीन शिट्ट्यांनी काही होणार नाही. जीवाणू मेला, विष तिथेच. वास नाही, चव बदललेली नाही, तवंग नाही. नाकानं हुंगून “चांगलं आहे की” म्हणण्याला इथे काडीचा अर्थ नाही. मी ते पातेलं सकाळी ओतून दिलं. जीव तुटला, कारण वास अप्रतिम येत होता.

जुनी माणसं करायची, हे खरं आहे. चुलीवर अखंड तापत राहिलेलं भांडं ६० अंशांच्या खाली आलं नाही तर ते सुरक्षितच असतं. पण तिथे विस्तव रात्रभर धुमसत असे. गॅसचं बटण बंद केलं की तो जमाखर्च बदलतो. शिवाय पोट बिघडलं तर त्या काळी “थंडी बाधली” म्हणून मोकळे होत, हेही विसरू नये.

बाल्कनीत ठेवा, खिडकीबाहेर ठेवा, हा याचाच उपप्रकार. बाहेरचं तापमान रात्रीत वरखाली होतं, सकाळी ऊन येतं, मांजर येतं. पुढे जाऊ.

गरम अन्नानं फ्रिज बिघडतो का? नाही. कॉम्प्रेसर थोडा जास्त वेळ चालेल, बस. बर्फाच्या लाद्या घालून वापरायच्या पेट्यांच्या काळात गरम भांडं आत ठेवलं की बर्फ वितळायचा, तेव्हा या सल्ल्यात अर्थ होता. पेट्या गेल्या, सल्ला राहिला. एक मात्र मान्य करायला हवं: सहा लिटर उकळतं सूप जसंच्या तसं फ्रिजमध्ये कोंबलं तर शेजारचं दूध तापतं, आणि पातेलं आतही तासन्‌तास कोमटच राहतं. यात दोष फ्रिजचा नाही, पातेल्याच्या आकाराचा आहे. तेच सूप चार बोटं उंचीच्या पसरट डब्यांत वाटून ठेवलं की दोन्ही प्रश्न मिटतात. फ्रिज मात्र ४ अंशांवर किंवा त्याखाली हवा.

राजम्याचा सल्ला आत्यानं अजून पाळला नव्हता हे नशीब. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. खऱ्या उकळीनं ते नष्ट होतं, पण स्लो कुकरमधलं तापमान कधी कधी ८० अंशांच्या वर जातच नाही. तेवढ्यावर दाणा मऊ होतो, विष राहतं, आणि अशा अर्धवट तापवलेल्या राजम्यात त्याचा जोर कच्च्याहूनही जास्त भरू शकतो. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावं, नव्या पाण्यात तो कमीत कमी दहा मिनिटं, अर्धा तास दिला तर उत्तमच, खळखळून उकळावा, आणि मग खुशाल स्लो कुकरमध्ये टाकावा. कुकरच्या शिट्ट्यांवर शिजवणाऱ्यांना ही चिंता नाही.

उघड्या पातेल्याच्या वाफेनं घर तापतं, यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते फसवं आहे. शेगडीवर खर्च झालेली उष्णता शेवटी घरातच येते, हे बरोबर. पण एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे विजेच्या मापात साधारण ०.६३ युनिट. ही उष्णता वाफेत दडून बसते आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं तिथे बाहेर पडते. घरात पाणी कुठे होतं? सगळ्यात गार जागी: खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे. म्हणजे आपण गॅस जाळून काच तापवतो, आणि महिन्याभरानं कपाट सरकवलं की भिंतीवर काळी बुरशी. त्यात गॅस जळतानाही पाणी तयार होतं. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ हवेत मिसळते, पातेल्यात काही असो वा नसो.

झाकण ठेवा. उकळी आल्यावर आच बारीक करा. एकदा रटरटायला लागलं की मोठ्या आचेनं रस्सा जास्त गरम होत नाही, तो फक्त लवकर आटतो. बटाटा दोन्ही आचांवर सारख्याच वेळात शिजतो. हे मी घरात कितीदा सांगितलं असेल, तरी माझी पाठ वळली की कुणीतरी आच मोठी करतंच.

ओव्हनचं दार उघडं टाकण्याबद्दल मात्र थट्टा नको. ओव्हन विजेचा असेल तर तो एक महागडा, बेढब हीटर आहे, इतकंच. दोन किलोवॅटच्या ओव्हनमधून दोन किलोवॅटच्या हीटरइतकीच ऊब मिळते, वर लहान मूल भाजण्याचा धोका. गॅसचा असेल तर प्रकरण वेगळं. बंद खोलीत तासन्‌तास ज्योत जळत ठेवली की प्राणवायू कमी होतो, जळण अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. थंडीतल्या फ्लूसारखंच सगळं, फक्त ताप नसतो. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर औषध शोधत बसू नका. ज्योत बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मदत मागवा. कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपणं हा याचाच आणखी वाईट भाऊ.

केक किंवा बटाटे भाजून झाल्यावर बंद केलेल्या ओव्हनची ऊब घेण्यात काहीच गैर नाही. दार मिटलेलं असलं तरी ती बाहेर येतेच, जरा सावकाश.

तिखटानं अंग तापतं? तापल्यासारखं वाटतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हे जिभेवरच्या आणि कातडीतल्या संवेदना टिपणाऱ्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, त्याचं खरं काम ४३ अंशांच्या वरचा चटका ओळखणं हे आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ते १९९७ साली शोधलं, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मिरची म्हणजे धूर नसताना वाजवलेली आगीची घंटा. मेंदू तिच्यावर विश्वास ठेवतो आणि अंग थंड करायच्या कामाला लागतो: चेहरा लाल, कपाळावर घाम, नाकाला धार. चव म्हणून मिरची घाला, मीही घालतो. हीटर म्हणून घालू नका.

दारू हाच खेळ जास्त धोक्यानं खेळते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं, गाल उबदार लागतात, आणि आतली उष्णता मात्र बाहेर निसटते. वर कुडकुडणंही मंदावतं, आणि अंगाची खरी शेगडी तर तीच. मोठ्यांना, म्हाताऱ्यांना घोटभर द्यायचा सल्ला म्हणूनच मला सगळ्यात जास्त खटकतो.

मग सूपनं तरी ऊब येते का? मी गणित मांडून पाहिलं. तीनशे मिलिलिटरचा वाडगा, सूप ६० अंशांवर, अंग ३७ वर. निवताना ते अंगाला सुमारे २९ किलोज्यूल देतं, म्हणजे जेमतेम सात किलोकॅलरी. नुसता बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकत असतो, त्या हिशेबानं ही पाच मिनिटांची कमाई. सत्तर किलोच्या माणसाचं तापमान यानं सुमारे एक दशांश अंशानं वाढेल. हे आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मला दोन वाडगे झाल्यावर शाल का काढावीशी वाटते रे?” कारण त्याच वाडग्यात बटाटा आहे, डाळ आहे, थोडं लोणी आहे, आणि त्यांची दोन-अडीचशे किलोकॅलरी अंग पुढचे कित्येक तास जाळत बसतं. शिवाय वाडग्याला लावलेले तळवे, तोंडावर येणारी वाफ. ती ऊब एक दशांश अंशात मावत नाही हे मला मान्य आहे, आणि आत्याशी त्यावर वाद घालायची माझी हिंमतही नाही.

थंडीचा फायदा घ्यायचाच असेल तर तो ओट्यावर नाही, नळात आहे. या दिवसांत नळाचं पाणी हात बधिर करण्याइतकं गार असतं. जेवणं झाली की मी बेसिनचं भोक बंद करून पाणी भरतो, पातेलं त्यात अर्धं बुडेल असं ठेवतो आणि पळीनं ढवळत राहतो. पहिलं पाणी काही मिनिटांतच कोमट होतं. ते सोडायचं आणि पुन्हा गार भरायचं. तीन-चार वेळा असं केलं की अर्ध्या-पाऊण तासात पातेल्याला हात लावता येतो, आणि रस्सा डब्यांत भरून सरळ फ्रिजमध्ये जातो. ते पहिलं कोमट पाणी मात्र मी फुकट घालवत नाही. थंडीत भांडी घासायची वेळ आली की घरातले सगळे कामं आठवून पांगतात. पातेल्यानं तापवलेल्या त्या पाण्यात निदान ताटं तरी विसळून होतात.