‘मीटरवर १२.६ दिसलं की बॅटरी चांगली’ हे चुकीचं आहे

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: गाडीच्या बॅटरीला मल्टीमीटर लावा, १२.६ व्होल्ट आले तर बॅटरी ठणठणीत, बदला म्हणणारा मेकॅनिक फसवतोय. कृपया यावर विसंबू नका.

गाडी बंद असताना मीटर जवळपास विद्युतचालक बलच (प्रवाह वाहत नसतानाचा बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज) दाखवतो, कारण तेव्हा प्रवाह नगण्य असतो. प्रवाह वाहू लागला की बॅटरीच्या अंतर्गत रोधात (बॅटरी स्वतःच प्रवाहाला करते त्या अडथळ्यात) काही व्होल्ट आतच खर्च होतात आणि टोकांवर उरलेलेच मिळतात. स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) १५० अँपिअर ओढतो असं धरा. रोध ०.०१ ओहम असेल तर दीड व्होल्ट जातात. जुन्या बॅटरीत तो ०.०३ झाला की साडेचार, म्हणजे उरले ८.१!

रविवारी पार्किंगमध्ये शेजारच्या काकांच्या गाडीवर हेच पाहिलं. आधी १२.६, चावी फिरवताच नुसती टकटक, दिवे मंदावले, आकडा आठवर.

म्हणून सेल्फ मारतानाच मीटर बघा. चार्ज असलेली बॅटरीही साडेनऊच्या खाली जात असेल तर मेकॅनिक बहुधा खरंच सांगतोय. इंजिन चालू असतानाचे १४ व्होल्टही बॅटरीचे नसतात, ते अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे.