अध्यात ना मध्यात

आमच्या सोसायटीत कुणाची तारीफ करायची झाली की एक वाक्य ठरलेलं, "भला माणूस हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात." मलाही लोक असंच म्हणतात आणि आत्ताआत्तापर्यंत मला ते आवडायचं पण.

गेटवरचे आमचे वॉचमन काका, नांदेडकडचे, दिवाळीच्या आधीपासून खोकत होते. आणि मला हे नीट माहीत होतं, कारण रात्री उशिरा आलो की हॉर्न द्यावाच लागायचा नाही, केबिनमधून खोकला ऐकू आला की समजायचं काका जागे आहेत. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागलेला, बेल्टला खिळ्याने नवीन भोक पाडलेलं. एकदा विचारलं, "काका, औषध घेताय ना?" तर म्हणाले, "घेतलंय की साहेब, मेडिकलातून बाटली आणली." झालं, मी लिफ्टचं बटण दाबलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा, हे लहानपणापासून ऐकतोय, पाठ आहे अगदी!

शेवटी त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात नेलं ते कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने, अर्धा दिवस धंदा बंद ठेवून. टीबी निघाला. गोळ्या फुकट, साधा टीबी असला तर सहा महिन्यांचा कोर्स, वर खाण्यापिण्यासाठी सरकार महिन्याला १००० रुपये खात्यात टाकतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). म्हणजे पैशाचा प्रश्नच नव्हता हो, फक्त कुणीतरी सोबत जायला हवं होतं. काकांचे दोन महिने वाया गेले त्यात माझा हात नव्हता, आणि नव्हता हाच तर प्रॉब्लेम आहे.

मग ग्रुपवर सुरू झालं, "आधीच बघायला हवं होतं, आपल्या मुलांना लागण झाली असती तर?" बरोबर आहे, टीबी हवेतून पसरतो. पण समजा टीबीऐवजी शुगर असती, कुणालाच लागणार नाही अशी, मग आपण मोकळे का? आपल्या घरापर्यंत येईल तेवढ्याच आजाराची काळजी करणं याला नैतिकता म्हणत असतील तर पेस्ट कंट्रोलवाला मोठा संतच म्हणायचा.

एक मित्र म्हणाला, मग आता शहरात खोकणाऱ्या प्रत्येकाच्या मागे फिरणार का? नाही बाबा. इथून जवळच पुण्यातलं मुंढवा, तिथल्या प्लेग झालेल्या पोराला सावित्रीबाईंनी १८९७ साली पाठीवर घालून दवाखान्यात नेलं, वय ६६, आणि त्याच प्लेगने १० मार्चला त्या गेल्या. एवढं माझ्यात नाही, मी ३ जानेवारीला त्यांचा फोटो स्टेटसला ठेवणारा माणूस. कायदाही काही म्हणत नाही, रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय, पण नुसत्या बघ्याने मदत केलीच पाहिजे असं नाही. कायद्याचं ठीक आहे. पण जो माणूस रोज दिसतो, ज्याचं काय बिघडतंय तेही दिसतं आणि माझी एक हाफ डे टाकून काम होणार असतं, तिथे "मी कुणाचं वाकडं केलं नाही" हे उत्तर मला तरी आता पुरत नाही.

अर्थात काळजी आणि नाक खुपसणं यात फरक आहे, तो मला नंतर कळला. काकांनी खोकला किती वाढलाय ते मुद्दाम लपवलेलं, नोकरी जाईल म्हणून. आणि भीती खोटी नव्हती, रिपोर्ट आल्याच्या संध्याकाळीच एकाने ग्रुपवर टाकलं, "एजन्सीला सांगून दुसरा माणूस मागवू." खाली सात अंगठे. म्हणजे आधीच कुणी "काका तपासून घ्या" म्हणून मागे लागलं असतं आणि मग असं वाऱ्यावर सोडलं असतं तर ते न विचारण्यापेक्षा वाईट झालं असतं. दवाखान्यात नेणं हे अर्धंच काम, जागा राखणं हे उरलेलं अर्धं.

सध्या काका सुट्टीवर आहेत, पगार कापून. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, अजेंड्यावर पार्किंग आणि पाण्याची टाकी. मी "आयत्या वेळचे विषय"मध्ये पगाराचं काढणार आहे. सात अंगठेवाले पण असतील.