‘पाया बदलला की ६१७४ संपतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करत राहा, शेवटी ६१७४ च येतो, हा गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा शोध. त्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की हा सगळा दहा बोटांचा योगायोग आहे. मोजण्याचा पाया दहाऐवजी दुसरा घेतला की गंमत संपते, आणि शोधणारा मराठी म्हणून आपण त्याचा उदोउदो करतो. दोन दिवस वही घेऊन बसलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आधी पटलं ते सांगतो. ६१७४ ही राशी म्हणून वेगळी नाही. पाचाच्या पायात (म्हणजे दहादहाऐवजी पाचपाचाचे गट करून, ० ते ४ एवढ्याच अंकांत) ती १४४१४४ अशी लिहावी लागते (६१७४ म्हणजे ४९ गुणिले १२६, म्हणून १४४ दोनदा उमटतं). दिसायला देखणी, पण सहा अंकी. चार अंकांची कृती तिला लागूच होत नाही. ‘या संख्येतच जादू आहे’ हे माझं वाक्य चुकलं.

गंमत संपते, हे मात्र खरं नाही. कृती तीच ठेवा : चार अंक, सगळे सारखे नकोत, उतरत्या मांडणीतून चढती वजा करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. पाचाच्या पायात १००० पासून निघालं की ०४४४, मग ३४४१, मग ३०३२, आणि पुढे ३०३२ च. वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं, टोकाच्या अंकांचा आणि मधल्या अंकांचा. त्यामुळे इथे तपासायच्या जोड्या फक्त १४ निघतात. त्या मी हातानं केल्या. सगळ्या ३०३२ ला जाऊन मिळतात.

आता ६१७४ कडे पुन्हा बघा. उतरत्या क्रमानं ७, ६, ४, १. टोकांचा फरक ६, तो पहिला अंक. मधल्यांचा फरक २, त्यातून एक हातचा गेला की १, तो दुसरा. मग ९ वजा २ म्हणजे ७, आणि १० वजा ६ म्हणजे ४. दहाच्या जागी ‘५क’ ठेवलं (क म्हणजे १, २, ३ असा कोणताही), तर अंक येतात ३क, क−१, ४क−१, २क. क = १ घेतला की ३०३२, क = २ घेतला की ६१७४. पाचाच्या पटीतल्या प्रत्येक पायात अशी एक संख्या आहे, जी या कृतीनं स्वतःकडेच परतते. दहा बोटांनी फक्त त्यातली एक आपल्यासमोर आणली.

पंधराच्या पायात (तिथे १० ते १४ हेही एकेकच अंक) ती ९, २, ११, ६ या अंकांची. पण तिथे ७, २, ११, ८ पासून निघून पाहा : ९, ०, १३, ६, मग १३, २, ११, २, मग ११, ८, ५, ४, आणि पुन्हा ७, २, ११, ८. चौघांचं बंद चक्र, स्थिर संख्येपर्यंत कधीच न पोचणारं. दहाच्या पायात सगळ्या वाटा एकाच ठिकाणी मिळतात, हे किती नाजूक आहे ते मला या चक्रानं कळलं, आणि तुम्ही हटकलं नसतं तर मी ते शोधलंच नसतं.

राहिला उदोउदो. कापरेकर देवळालीत शाळेत शिकवायचे, पदव्युत्तर शिक्षण नव्हतं, आणि ६१७४ त्यांनी १९४९ मध्ये शोधला. ते मराठी नसते तरी मी हा लेख लिहिला असता. त्यांची कृती करून पाहायला आजही कागद-पेन्सिल पुरते, आणि पाया बदलला तरी ती नवं काही दाखवते.

चुकलेलं वाक्य लेखातून काढलं आहे आणि त्या जागी पंधराचं चक्र घातलं आहे.