उलटा डोंगर

डोंगर चढणाऱ्या माणसाला निसर्गाने एक सवलत दिलेली आहे. चढण असह्य झाली की तो कोणत्याही क्षणी मागे फिरू शकतो, आणि एकदा फिरला की पुढची सगळी वाट उतरणीची असते. शिवाय उतरता उतरता हवाही दाट होत जाते. दरीत उतरणाऱ्याला मात्र असे काही मिळत नाही. दरी म्हणजे उलटा डोंगर. तिचे शिखर तळाशी असते, तेथवर माणूस हसतखेळत पोहोचतो, आणि मग गुडघे बोलू लागलेल्या अवस्थेत त्याने विरळ हवेच्या दिशेने चढत जायचे असते. दक्षिण पेरूमधील कोल्का दरीची खोली सर्वात खोल ठिकाणी सुमारे ३,२७० मीटर सांगितली जाते. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन सुमारे १,८०० मीटर खोल आहे, म्हणजे येथील हाल जवळजवळ दुप्पट व्हायला हवेत. पर्यटकांची वाट दरीच्या सर्वात खोल भागात जात नाही, एवढीच काय ती दया.

आरेकिपा शहर २,३३५ मीटर उंचीवर आहे. तेथून निघालेली बस प्रवाशाला दरीत नेण्याआधी ४,९१० मीटरवरील पातापाम्पा खिंडीत नेते. खाली जायचे असताना आधी इतके वर कशासाठी, हा प्रश्न तेथे विचारण्याजोगा असतो, पण विचारायला श्वास शिल्लक राहत नाही. आमच्या बसमधील एका अभ्यासू गृहस्थांनी हवेत प्राणवायूचे प्रमाण येथेही सुमारे २१ टक्केच असते, अशी ग्वाही दिली. ते खरेच आहे. फक्त हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासामागे पदरात पडणारा मालही निम्माच असतो. दुकानदाराने भाव तोच ठेवून पुडा लहान करावा, तसा हा व्यवहार. मी बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकलो आणि सरळ उभा राहीपर्यंत मला धाप लागली. क्षितिजावर साबानकाया ज्वालामुखी धुराचे लोट सोडत होता. सगळे त्याची छायाचित्रे काढत असताना मी दुसऱ्या बुटाचा विचार करत होतो.

रात्रीचा मुक्काम दरीच्या काठावरील कबानाकोंदे या गावी होता. उंची सुमारे ३,३०० मीटर. कोकाच्या पानांचा चहा पिऊन सर्वजण झोपले, म्हणजे आडवे झाले. उंचीवर माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घेण्याची आठवण मेंदूला करून देण्याचे काम मुख्यतः त्याच्याकडे असल्यामुळे झोपेत श्वास काही क्षण थांबतो आणि मग एकदम घाईने सुरू होतो. हे ज्ञान मी पत्नीला सकाळी दिले. तिचे म्हणणे एवढेच होते, की माझा श्वास थांबला की काळजीने तिला झोप लागत नव्हती आणि सुरू झाला की घोरण्याने.

उतरण सुरू झाली आणि आम्हा सर्वांच्या अंगात वारे शिरले. कड्यावरून खाली पाहिले की तळाशी सांगाये नावाची हिरवळ दिसते. त्यात ताडाची झाडे असतात आणि पोहण्याच्या तलावांचे निळे चौकोनही स्पष्ट दिसतात. हे चौकोन अगदी हाताच्या अंतरावर वाटतात. दोन तास नागमोडी वळणे उतरल्यावरही ते तितकेच हाताच्या अंतरावर असतात. वाट सुट्या खडीची, उतार असा की प्रत्येक पावलाला पायाच्या अंगठ्याने बुटाची पुढची भिंत तपासून पाहावी. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला रोखून धरतात, आणि नेमके हेच काम त्यांना सर्वात बाधते. पण ते त्याच दिवशी तक्रार करत नाहीत. टायरच्या रबरापासून बनवलेल्या चपला घातलेला आमचा वाटाड्या मात्र खिशात हात घालून चालत होता. समोरून वर चढणारे लोक भेटत. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना 'ओला', म्हणजे स्पॅनिशमधला नमस्कार, म्हणत असू. ते काही म्हणत नसत. त्यांच्या नजरेत जी करुणा होती, तिचा विषय आम्ही आहोत हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

सांगाये सुमारे २,१८० मीटरवर आहे. याचा अर्थ, इतका घाट ओलांडून आम्ही आरेकिपापेक्षाही खाली येऊन पोहोचलो होतो. हवा उबदार, श्वास भरपूर, आणि पाण्यात पाय सोडून बसल्यावर माणसाला आपल्या क्षमतेविषयी जे वाटू लागते, ते सर्व आम्हाला वाटले. जवळची कोताउआसी दरी कोल्कापेक्षाही खोल मानली जाते, तेव्हा पुढच्या वेळी तिकडेच जावे, असा ठराव जेवताना एकमताने संमत झाला. अभ्यासू गृहस्थ सूचक होते.

ऊन चढण्यापूर्वी वर पोहोचायचे म्हणून अंधारातच चढायला सुरुवात करावी लागते. सुमारे अकराशे मीटरची ती भिंत. माथ्याजवळ काही चांदण्या फारच खाली आल्यासारख्या दिसत होत्या. त्या हळूहळू सरकू लागल्या, तेव्हा त्या आमच्याआधी निघालेल्यांच्या कपाळावरच्या विजेऱ्या असल्याचे कळले आणि माझा उरलासुरला धीर खचला. पत्नीने आदल्या रात्रीच काही सोल, म्हणजे पेरूचे चलन, मोजून खेचर ठरवले होते. खेचर मागून आले की कड्याच्या बाजूला उभे राहू नये, भिंतीला चिकटून उभे राहावे, असा तेथील नियम आहे, आणि तो पाळताना सक्तीची विश्रांती मिळते, म्हणून मी दूरवर खुरांचा आवाज आला तरी भिंतीला चिकटत असे. अशाच एका विश्रांतीत पत्नी माझ्यासमोरून वर गेली. तिने हात केला नाही. दोन्ही हातांनी खोगीर धरलेले होते आणि डोळे मिटलेले होते. खेचराला वाटेची बाहेरची कड धरून चालण्याची आवड असते, हे तिने मला वर पोहोचल्यावर बऱ्याच कडक शब्दांत सांगितले.

परतताना बस क्रूस देल कोंडोर येथे थांबते. तीन मीटरहून अधिक पंखविस्ताराचे आणि पंधरा किलोपर्यंत वजनाचे अँडियन कोंडोर, म्हणजे गिधाडासारखे पक्षी, सकाळी तापलेल्या हवेच्या झोतांवर स्वार होऊन दरीतून वर येतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातील कोंडोर पंख एकदाही न फडकवता पाच तासांहून अधिक उडत राहिला आणि त्याने सुमारे १७२ किलोमीटर अंतर कापले. मी जे अंतर शेकडो थांबे घेत चढलो होतो, ते समोरच्या पक्ष्याने आळस न मोडता पार केले. जाता जाता त्याने आमच्या गटाकडे मान वळवून पाहिले. तो मेलेल्या प्राण्यांवर जगतो, तेव्हा त्याचे ते पाहणे निव्वळ कौतुकाचे नसावे.

मांडीच्या स्नायूंनी आपले निवेदन आरेकिपाला परतल्यानंतरच्या सकाळी सादर केले. आमची खोली वरच्या मजल्यावर आणि न्याहारी तळमजल्यावर होती. जिना सरळ उतरणे अशक्य आहे असे दिसल्यावर मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून पाठमोरा उतरू लागलो. स्वागतकक्षातील तरुणीने मान वर केली, माझे शेवटचे पाऊल टेकेपर्यंत शांतपणे वाट पाहिली आणि मग खालच्या मजल्यावरील खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. कोल्काहून येणाऱ्यांसाठी तेथे अशा दोन खोल्या कायम राखून ठेवलेल्या असतात, असे तिने सांगितले. आणि दुसरीत कोण आहे म्हणून मी विचारले, तेव्हा आतून अभ्यासू गृहस्थांच्या कण्हण्याचा आवाज आला.