खुलासा : विद्यापीठाचा अक्षयनिधी ‘पडून’ नसतो

‘सरकारी विद्यापीठांकडे देणग्यांचे कोट्यवधी पडून आहेत, तरी फी वाढते, देणगी देऊ नका’ असा मेसेज फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे. अक्षयनिधी म्हणजे कायम जपून ठेवायची देणगीची रक्कम; तिचं मुद्दल मोडायचं नसतं. ते गुंतवतात आणि अनेक विद्यापीठं दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्केच खर्चाला काढतात. म्हणजे १ कोटीतून जेमतेम ४-५ लाख. उरलेली वाढ महागाईत मुद्दलाची किंमत टिकवते. शिवाय दानपत्रात ‘नर्सिंगच्या शिष्यवृत्तीसाठी’ असं लिहिलं असेल, तर त्या पैशातून वसतिगृहाचं गळकं छप्परही दुरुस्त करता येत नाही. लेखापरीक्षित वार्षिक हिशेबात असे बांधील निधी वेगळे दाखवलेले असतात, तिथे पडताळून पाहा. प्रश्न जरूर विचारा. पण कित्येकांची शिष्यवृत्ती याच पैशावर चालते. ‘देणगी देऊ नका’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.