कुस्ती कुणासंगं हाय?

रंकाळ्याच्या कठड्यापाशी सकाळी एक गृहस्थ वजनकाटा मांडून बसतात. पाच रुपयांत वजन. काट्याला आकडे आहेत, गिऱ्हाइकाला डोळे आहेत, प्रकरण त्या दोघांत मिटायला काही हरकत नसते. पण यांना सेवेची हौस दांडगी. आकडा ते मोठ्यानं वाचून दाखवतात. आज सकाळी त्यांनी "श्याऐंशी!" अशी जी ललकारी ठोकली, ती पलीकडे शालिनी पॅलेसपर्यंत पोचली असणार. पळणाऱ्या दोन मुली पळायच्या थांबल्या. कुत्र्याला फिरवणाऱ्या बाईंनी कुत्र्यासकट मान वळवली.

मी काट्यावर चढलोच कशाला? तर डॉक्टरांनी साखर काठावर आलीय म्हणून दटावलं होतं, बायकोनं ट्रॅकपँट आणली होती, पुतण्यानं मनगटाला घड्याळ बांधलं होतं आणि बरेच दिवस निष्ठेनं चालून झालं होतं. एवढी पार्श्वभूमी पुरे. मनात मी त्र्याऐंशी धरून चाललो होतो.

"काटा जमिनीवर नीट बसलेला नाही," मी म्हणालो.

"काटा बसलाय," ते म्हणाले. "तुम्ही उतरा, परत चढा. पाच रुपये परत पडतील."

एवढ्यात कठड्यावरचे एक आबा उठले. धोतर, वर पांढरा सदरा, हातात गंगावेशीच्या कट्ट्यावरनं धारोष्ण भरून आणलेला दुधाचा तांब्या, आणि दोन्ही कान चुरगळून जवळजवळ मिटलेले. कोल्हापुरात असे कान दिसले की हा माणूस कोण हे विचारायचं नसतं. आयुष्य तालमीत गेलेलं.

"उतरा," ते मला म्हणाले. मी उतरलो. तांब्या माझ्या हातात देऊन ते स्वतः चढले. काटेवाल्यानं "बाहत्तर" म्हटलं. तेही आदबीनं, हळू आवाजात.

"काटा बराबर हाय," आबांनी निकाल दिला. "माजं वजन मला ठावं हाय. चाळीस वर्सं हाललं न्हाई."

माझी एकुलती एक पळवाट अशी बुजली आणि आबांच्या वजनाचे पाच रुपये काटेवाल्यानं माझ्याकडून घेतले.

मग आबांनी मला तपासायला घेतलं. दंड दाबला. मानेमागं तळहात ठेवून वर सगळा भार टाकला. खाली वाकून पोटरीला चिमटा काढला. मी परवानगी दिली नव्हती, त्यांनी मागितलीही नव्हती.

"मान न्हाई," ते म्हणाले.

"आहे की!"

"दिसतीया. पर न्हाई."

"आणि पोटऱ्या?" मी आशेनं विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि तांब्या परत घेतला. "कुस्ती कुणासंगं हाय?"

"कुस्ती नाही, आबा."

"मग येवडं कशापायी चाललंय? तांबडं फुटल्यापास्नं तळ्याला फेऱ्या घालतायसा, मी बगतोय की. जोड कोन?"

"जोड कुणी नाही. आपलं असंच, तब्येतीसाठी."

"असंच!" ते काटेवाल्याकडं वळले. "असंच म्हनत्यात." काटेवाल्यानं खेदानं मान हलवली.

इथं मी गप्प बसू शकलो असतो. पण पुतण्या मला रोज सकाळी एक चित्रफीत पाठवतो. तिच्यात बिनबाह्यांचा बनियन घातलेला एक तरुण, चार महिन्यांत आपलं आयुष्य कसं पालटलं ते ओरडून सांगत असतो. स्वतःवरची शंका सोडा, आजच उठा, वगैरे. त्याचं एक वाक्य माझ्या तोंडात बसलेलं होतं, ते नको त्या वेळी बाहेर आलं.

"आबा, स्पर्धा स्वतःशीच असते."

आबांनी ह्यावर दुधाचे दोन घोट घेतले. मिशीवरचा फेस पुसला.

"म्हंजे तुमीच तुमाला पाडनार?"

"तसं म्हणा."

"चीत कोन हुनार?"

"मीच."

"आन जितनार?"

"तोही मीच."

"इनाम?"

इनामाचा विचार त्या बनियनवाल्यानं केलेला नव्हता, त्यामुळे माझ्याकडं उत्तर नव्हतं.

"म्हंजे जितला काय आन हारला काय," आबा म्हणाले, "पाठीला माती तुमच्याच."

गेली काही वर्षं आत्मविकासाच्या नावाखाली जे काही माझ्या गळी उतरवलं गेलं, त्याचा इतका सरळ हिशेब कुणी मांडला नव्हता. पण आबा थांबले नाहीत.

"खाशाबा म्हाईत हाईत?"

माहीत नसायला काय झालं! गोळेश्वरचे खाशाबा जाधव, आमच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे सगळं मी धडाधड म्हणून दाखवलं. निदान तोंडी परीक्षेत तरी मार्क पडावेत ही इच्छा.

"किती किलोत खेळले?"

"सत्तावन्न."

आबा काही बोलले नाहीत. बोलला तो काटेवाला. त्यानं बोटांवर हिशेब केला आणि निखळ आनंदानं जाहीर केलं, "म्हंजे ह्यांच्यात दीड खाशाबा बसत्यात! वर अर्धा किलो उरतोय!"

त्या दोन मुली अजून तिथंच होत्या, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या गावात लठ्ठ असणं ही माणसाची घरगुती बाब असेल. कोल्हापुरात ती सार्वजनिक आहे. शाहू महाराज 1902 साली युरोपला जाऊन आले. रोमचं कलोसियम पाहिल्यावर आपल्या पैलवानांसाठीही असं काहीतरी हवं असं त्यांच्या मनानं घेतलं म्हणतात, आणि 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. मैदान असं खोलगट की कुठंही बसा, मधली कुस्ती स्वच्छ दिसते. माणसाला चारी बाजूंनी न्याहाळायची आणि वर मत द्यायची सवय ह्या गावाला तिथनंच लागली असावी. तालमीतल्या तांबड्या मातीतसुद्धा इथं ताक, तेल, हळद, लिंबू घालून तिची निगा राखतात. माती उकरून, मळून, मऊ ठेवतात. तिला कुणी "वाढलीयस" म्हणत नाही.

मला म्हणतात. कचेरीतला शिपाई म्हणतो, शिंपी म्हणतो, लग्नात जिलेबी वाढणारा मुलगा झारा हवेत धरून विचारतो, "काका, चालेल ना तुम्हाला?" शेजारच्या सडपातळ काकांना तो विचारत नाही. शिंप्याचं तर काय सांगावं? तो टेप लावतो आणि आकडा पोऱ्याला लिहून घ्यायला सांगतो, पोऱ्या म्हणतो "किती?", हा पुन्हा सांगतो, पोऱ्या पुन्हा म्हणतो "किती?" दुकान गर्दीच्या रस्त्यावर आहे.

आणि हे बनियनवाले म्हणतात शंका तुमच्या आत आहे, तिला हाकला. माझ्या आत शंका नव्हती हो. मी मजेत होतो. ती मला गावानं वर्गणी काढून दिलेली आहे. वर्गणी काढणारे नामानिराळे आणि हाकलायचं काम माझ्याकडं!

मध्ये एका व्यायामशाळेतही जाऊन आलो. नाव कशाला घ्या. काचेचं दार, आत थंडगार हवा, आणि वर्षाचे पैसे आधी. पैसे भरल्या भरल्या एका पोरानं मला भिंतीशी उभं करून फोटो काढले. समोरून एक, बाजूनं एक. "पोट आत घेऊ नका, सर. हा आधीचा फोटो." नंतरचा कधी, असं विचारलं तर म्हणाला, "ते तुमच्यावर आहे, सर." पैसे माझे, घाम माझा, नंतरचा फोटोही माझ्यावर, त्याच्याकडं फक्त आधीचा. तो अजून त्याच्या फोनमध्ये आहे, ही गोष्ट मला रात्री मध्येच आठवते.

घड्याळाचीही तीच तऱ्हा. दिवसाला दहा हजार पावलं झाली नाहीत की ते मनगटावर थरथरतं. मला वाटायचं, हा आकडा कुण्या मोठ्या डॉक्टरनं ठरवला असेल. तर 1965 साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले, तिथनं तो जगभर गेला. 2019 साली अमेरिकेतल्या वयस्कर बायकांची पाहणी छापून आली, तिच्यात फायदा साडेसात हजारांच्या आसपासच स्थिरावलेला दिसला. म्हणजे वरची अडीच हजार पावलं मी एका दुकानदाराच्या शब्दाखातर टाकत होतो. हे पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, तुम्ही कारणं शोधताय."

बारीक माणसांचाही मला राग आहे, तोही इथंच सांगून टाकतो. आमच्या कचेरीत एक काडीपैलवान आहे. रोज कांदाभजी खातो आणि माझ्या डब्यातल्या काकडीकडं बघून हसतो. त्याला मी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट ऐकवली. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन ह्या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असा फोटो आला. दोघंही सडसडीत, उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! आपली माणसं वरनं बारीक आणि आतनं लोणी, म्हणून मधुमेह असा सडपातळांनाही गाठतो. कमरेचा घेर बघा म्हणतात. आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटिमीटर ही हद्द. काडीपैलवानानं हे शांतपणे ऐकलं आणि भजीची बशी माझ्याकडं सरकवली. "मग तुमचं तरी काय अडलंय?" म्हणाला. भजी गरम होती.

आणि चाला चाला म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीतनं रंकाळ्यापर्यंत चालून दाखवावं. फूटपाथ आहे. त्यावर आधी दुचाक्या आहेत, मग रोहित्राची पेटी, मग नारळवाला, मग गटारीवरची फरशी उचकटून तशीच ठेवलेली. पावसाळ्यात ती फरशी कुठं होती ते अंदाजानं ओळखायचं. माणूस रस्त्यावर उतरला की मागनं हॉर्न. त्यामुळं मी चालायला गाडीवरनं जातो. पेट्रोल जाळून तळ्यावर पोचायचं, गाडी लावायची, चालायचं आणि पुन्हा गाडीवरनं घरी. ह्याला कुणी हसलं तर मला चालत नाही. फरशी बसवा, मग हसा.

असो. आबांवर येतो. त्यांनी तोवर दूध संपवून माझ्याबद्दल काही ठरवलं होतं.

"जोडीबिगर म्हेनत करू नगासा," ते म्हणाले. "गडी इस्कटतो. मी लावतो जोड." आणि त्यांनी लांब बोट केलं. स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून एक निवृत्त शाखाधिकारी येत होते. मी त्यांना ओळखतो ते फक्त मान डोलावण्यापुरतं. "अठ्ठ्याऐंशी भरत्यात. कालच काट्यावर घातलं. रईवारी सकाळी या दोगं तालमीत. नारळावर कुस्ती."

मी हसलो. आबा हसले नाहीत. काटेवाल्यानं वहीच्या मागच्या पानावर आमच्या दोघांची वजनं एकाखाली एक लिहून मध्ये रेघ मारली.

दुपारी अनोळखी नंबरावरनं फोन आला. कानटोपीवाले.

"तुम्हालाही धरलं का हो त्यांनी?" ते कुजबुजत होते, बहुधा घरात कुणी ऐकू नये म्हणून. "मला मान नाही म्हणाले."

"मलाही."

"हे बघा, आता माघार घेतली तर तळ्यावर फिरणं मुश्किल होईल. आपण नुरा कुस्ती करून टाकू, आधीच ठरवून. एक मिनिट हात धरायचे, गोल फिरायचं आणि तुम्ही पडायचं."

"मी का?"

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग तुम्हाला पडणं सोपं. तुम्ही दोन किलो जास्तही आहात."

"म्हणूनच. मी तुमच्यावर पडलो तर तुम्हालाच लागेल."

यात थोडं तथ्य होतं, पण मला दिवसभरात पुष्कळ ऐकून झालं होतं. मी म्हटलं, पडणार नाही. त्यांनी नारळ मला देऊ केला. मी म्हटलं, नारळ घरात आहेत. मग त्यांनी नंतरची मिसळ त्यांच्याकडून, असा प्रस्ताव ठेवला. मी विचारलं, जादा कट आणि जादा ब्रेड धरून? ते क्षणभर गप्प झाले. "कट घ्या हवा तेवढा," म्हणाले. "ब्रेडचं मिसेसना विचारून सांगतो."